घसारा

ठेव इथे. हळू, गेगी, कोपरे पत्र्याचे आहेत.
कुतायसीतली मार्चची थंडी अजून दारातून आत शिरते,
तेव्हा दार लोट
आणि टॉर्च धर, माझ्या चष्म्यावर नको, आत.

चार वर्षांचा म्हणतोस. पावती नाही म्हणतोस.
तर ऐक, वहीत मी काय मांडते ते:
खोका फोडलात त्या संध्याकाळी पाचवा हिस्सा गेला,
वर्ष सरता सरता निम्मा,
मग निम्म्याचा निम्मा.
बावीस वर्षं मी शाळेत अर्धायुष्य शिकवलं,
फळ्यावरची ती वक्ररेषा खाली खाली जायची
पण जमिनीला टेकायची नाही.
इथे टेकते. इथे खाली झाझाचा काटा आहे,
तो पत्रा किलोवर घेतो.

प्रोसेसर धडधाकट. एकशे दहा लारी.
रॅमच्या पट्ट्या दोन, दोन घरच्या,
सावत्र बहिणी, पण नांदतायत. चाळीस.
बोर्ड सत्तर, फुगलेलं काही दिसत नाही.
हा वीजपुरवठ्याचा डबा मी वैऱ्यालाही विकणार नाही,
त्याला शून्य.
पेटीचे पंचवीस.

आता डिस्क.
डिस्क खोटं बोलत नाही, पोरा,
तिच्या पोटात तासांची मोजणी असते.
एकोणतीस हजार.
चार वर्षांत तास असतातच पस्तीस हजार.
अभ्यासाला वापरला म्हणालास ना?
दिवसाला वीस तास? शाबास.
माझ्या वर्गात असतास तर
मी तुला पदक दिलं असतं.

तो बुटाकडे बघतो.
मी कार्ड उपसते: पंख्याचे दात पिवळे,
पॅडमधलं तेल ओघळून वाळलेलं, तुपाच्या भांड्यासारखं.
हे खेळून होत नाही. हे नाणी खणून होतं.
चारशेचं कार्ड. साठ देईन.

मी नाही, तो म्हणतो, चिचिको काकानं.
वर, डोंगरात,
जिथे विजेचं बिल चढून येत नाही.
सहा पेट्या होत्या. पाच जळल्या.
घरात आवाज फार, म्हणून गोठ्यात ठेवल्या होत्या.

म्हणूनच. पंख्याच्या आसाला
गवताची काडी गुंडाळलेली, बारीक, करपलेली.
मी चिमट्यानं ओढते. ती सुटता सुटत नाही.

आणि नाणी? मी विचारते.
नाणी काही जमली नाहीत, तो म्हणतो,
पण त्या जानेवारीत वासरू झालं,
बाहेर बर्फ खिडकीच्या वर,
आणि ते पेट्यांना पाठ लावून झोपायचं.
जगलं. आता दूध देतं.

मी पेन्सिलीचं टोक चाटते.
डिस्कचे पंधरा. एकूण तीनशे वीस.
त्यातून माझं भाडं, माझा नफा, माझा गुडघा: सत्तर वजा.
अडीचशे.

त्याला सातशे हवेत. मग सहाशे. मग चारशे तरी, त्सियाला मास्तरीण.
तिकीट कुठलं ते मी विचारत नाही,
या गावची पोरं एकाच विमानतळाकडे तोंड करून
घासाघीस करतात.
मी घसारा मोजते, दुसरं काही मला मोजता येत नाही
आणि येत असतं तरी
दुकान कधीच बसलं असतं.

बरं, वासराचे दहा. दोनशे साठ.
ते वहीत लिहायला रकाना नाही,
किरकोळ म्हणून टाकते.

स्क्रू काडेपेटीत आहेत, ठीक.
पण डावीकडचं झाकण कुठाय?
गोठ्याची काच फुटली होती, तो म्हणतो,
तिथे लावलंय. आता निघायचं नाही.

नको काढूस.
पाच कमी.
दोनशे पंचावन्न, मोजून घे, नोटा चिकटतात.